उजव्या हाताचा मोजा

संत सायमनचा दिवस, ऑक्टोबर संपत आलेला

आज केतिल आला. केतिल म्हणजे एर्लेंड राजाचा कोठारी. वर्षातून एकदा, संत लूसीच्या दिवशी, तो राजाकडून माझ्यासाठी लोण्याचं पिंप घेऊन येतो. लूसीला अजून सहा आठवडे आहेत, म्हणून त्याला दारात बघून राजा बरा आहे ना, हे मी आधी विचारलं. लोणी कुठंय, हे नंतर.

लोणी नव्हतं, निरोप होता. पश्चिमेच्या बेटांवरून ओट्टार नावाचा माणूस आलाय, अठ्ठावीस वर्षांचा. म्हणतो, थोरल्या राजाने त्या बेटांवर एक हिवाळा काढला तेव्हाचा मी त्याचा मुलगा, एर्लेंडचा सावत्र भाऊ. पुरावा काय, तर आईचा शब्द. बाप मेलेला आणि आई एकटी सांगणारी असली की आमच्याकडे देवाला विचारतात. तापून लाल झालेलं लोखंड हातात घेऊन चर्चमध्ये नऊ पावलं चालायचं, हात बांधून घ्यायचा, तिसऱ्या दिवशी सोडायचा. जखम स्वच्छ निघाली तर राजाचा मुलगा, अर्ध्या राज्याचा धनी. पू निघाला तर खोटारडा, आणि खोटारड्याला फास.

हात बांधायला राजाने मला बोलावलंय. मी म्हटलं, "का रे, तिकडच्या बांधणाऱ्या सगळ्या मेल्या?"

केतिल म्हणाला, "नाही मावशी. राजा म्हणाला, माझा हात जिने बांधला तिनेच याचाही बांधायचा."

त्याला जवाची पेज वाढली.

दोन दिवसांनी

नवरा पाद्री होता. तो पोथ्या नकलायचा आणि मी त्याच्या खांद्यावरून बघत अक्षरं उचलली. त्याला हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. ठाऊक असलं तरी कधी बोलला नाही. कातड्याच्या कापून उरलेल्या पट्ट्या मात्र माझ्या हाताला लागतील अशा ठेवायचा. त्यांवरच लिहिते. तो गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. मी गेले की या पट्ट्या माझ्याच उशाखाली पुराव्यात, अशी शेजारणीला, आस्ताला, ताकीद दिलीय. तिला वाचता येत नाही, म्हणून तिच्यावर भरवसा.

आज ती गोष्ट लिहून टाकते. सव्वीस वर्षं लिहिली नाही.

एर्लेंड तेव्हा अठराचा होता. हाही असाच आईच्या शब्दावर आलेला, डोंगरापलीकडच्या एका लहान वाडीतून. लोखंड उचलताना हू की चू केलं नाही. मी हात बांधला, बिशपने गाठीवर मेणाची मोहोर लावली. तिसऱ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला विचारलं, "मावशी, सोडताना दुखेल का?" फासाचं नाही विचारलं. सोडताना दुखेल का, एवढंच.

दुसऱ्या दिवशी, संत लूसीला, पट्टी सोडली. तळवा बराच कोरडा होता. पण करंगळीच्या मुळाशी वाटाण्याएवढा फोड, आत पिवळं. बिशप म्हातारा, डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलेला. बारा साक्षीदार कठड्यापलीकडे. एर्लेंडने डोळे गच्च मिटलेले. मी तळव्यावरचं मेण पुसल्यासारखं केलं, अंगठ्याने फोड दाबला, निघालं ते पट्टीत टिपलं आणि मोठ्याने म्हटलं, "स्वच्छ."

त्या एका शब्दावर हे राज्य उभं आहे. मी आणि देव सोडून कुणाला ठाऊक नाही.

सर्व मृतांचा दिवस

कबरींवर मेणबत्त्या लावून येताना आस्ता भेटली. लोहाराची विधवा, जिभेला नवऱ्याच्या कानशीसारखी धार. म्हणाली, "आता काय बाई, राजाच्या पंगतीला बसणार तू. आमची सुकी मासळी कशी रुचेल?"

मी म्हटलं, "राजाही सुकी मासळीच खातो, आणि तीही एकटा बसून."

तिला तेवढंच पुरलं, सुरू झाली. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, बायको नाही, मूल नाही, अंथरुणाच्या पायथ्याशी कुत्रा झोपतो. डेन्मार्कहून मुलगी सांगून आली, परत पाठवली. स्वीडनहून आली, परत पाठवली. "कुणाची वाट बघतोय? जलपरीची?" मी म्हटलं, आवड वेगळी असेल. आतून मलाही ते कोडंच आहे.

खोटा राजा गादीवर बसला तर जमीन वांझ होते, असं आमची जुनी माणसं सांगत आली. मी सव्वीस वर्षं आभाळाकडे आणि खाडीकडे बघत काढली. चौथ्या वर्षी हेरिंग मासा आला नाही. अकराव्या वर्षी जव उभ्याने काळा पडला. दोन्ही वेळा मी तीन दिवस उपाशी राहिले. बाकीची वर्षं बरी गेली, हेही खरं. त्याने डोंगरातल्या वाटेवर वाटसरूंसाठी घरं बांधली, किनाऱ्यावरच्या इशाऱ्याच्या होळ्यांना रखवालदार नेमले आणि एकदाही लढाई केली नाही. पण दर हिवाळ्यात मनात येतंच, यंदा काय होणार?

या वेळी मात्र ठरवलंय. जे दिसेल तेच सांगायचं. एका जन्मात एवढा एकच अंगठा पुरे.

नोव्हेंबरची आठवी, शहरात

पाच दिवस होडी आणि बर्फ. कंबर मोडून गेली. राजाने पोचल्या पोचल्या बोलावलं. सव्वीस वर्षांत त्याला जवळून पाहिलं नव्हतं. सणाच्या मिरवणुकीत लांबून दिसायचा, उजव्या हातात समुद्रातल्या सीलच्या कातड्याचा मोजा. उन्हाळ्यातसुद्धा. लोक म्हणतात, देवाने हात लावलेला हात असा उघडा ठेवू नये म्हणून.

खोलीत तो, म्हातारा कुत्रा आणि लांबलचक टेबल. टेबलाच्या एका टोकाला एकच ताट.

"मावशी, आलीस," म्हणाला आणि मला स्वतःची खुर्ची दिली. मग विचारलं, "पट्टी सोडल्यावर तुला आधी काय दिसतं?"

मी म्हटलं, "आधी दिसत नाही महाराज. आधी वास येतो."

"माझ्या वेळी आला होता?"

कशीबशी बोलले, "आता इतकं कुठलं आठवतंय. तुम्ही तर डोळे मिटले होते."

"हो," तो म्हणाला. "डोळे मिटले होते." आणि हसला. माझ्या जिवात जीव आला. म्हणजे त्याला काही ठाऊक नाही.

मग बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. "अंगठा अजून तसाच जाड आहे तुझा." मी म्हटलं, आता तर सांधेही सुजलेत. राजेलोक काय लक्षात ठेवतील, नेम नाही.

निघताना म्हणाला, "या वेळी तू बोलायचं नाहीस मावशी. पट्टी सोडायची आणि माझ्याकडे बघायचं. बोलेन ते मी."

पहिला शब्द बांधणारीचा, ही रीत. त्याला तो का हवाय? अर्धं राज्य कुणाला सुखासुखी द्यावंसं वाटतं? हात स्वच्छ निघाला तरी हा "सडका" म्हणेल, आणि मी गप्प बसायचं? मला नाही जमणार. राजा असला म्हणून काय झालं.

संत मार्टिनचा दिवस

ओट्टारने लोखंड उचललं. नऊ पावलं. सातव्याला लडखडला, नववं पुरं केलं. चर्चमध्ये जळक्या कातड्याचा वास सुटला. मी मेण, सुती पट्टी, वरून लोकरीची पट्टी बांधली. बिशप आता नवा आहे, तरुण, पण कठड्यापलीकडूनच बघतो; रक्त बघितलं की त्याला भोवळ येते. मोहोर लावताना त्याने तोंड फिरवलं होतं.

ओट्टार लाल केसांचा, लांब हातांचा. एर्लेंड काळा, बुटका. थोरल्या राजाला मी पाहिलं होतं; तो या दोघांपैकी कुणासारखाच नव्हता. पण मुलं आईवर जातात.

पट्टीचा पहिला दिवस

बांधणारीने बांधलेल्या हातापासून हलायचं नसतं. म्हणून मी त्याच्याच खोलीत, चुलीपाशी. माणूस बोलका आहे. वेदना विसरायला बोलतो हे कळतं, तरी कानाला बरं वाटतं. घरी दिवसचे दिवस माझाच आवाज ऐकते मी.

मी विचारलं, तुला स्वतःला खात्री आहे का रे? म्हणाला, "आईने मरताना सांगितलं. ती खोटं बोलायची नाही मावशी. पण गोष्टी फार छान सांगायची."

"मग आलास कशाला मरायला?"

"तिथे माझं कुणी उरलं नाही. म्हटलं, भाऊ असला तर बघून यावं."

अर्ध्या राज्याचं नाव त्याने काढलं नाही. मी त्याची उशी नीट केली आणि उगाचच चूल फुंकत बसले.

पट्टीचा दुसरा दिवस, दुपार

राजा आला. मी उठले तर बस म्हणाला. काखेत सोंगट्यांचा पट. ओट्टारच्या खाटेवर मांडला आणि दोघे खेळायला बसले. ओट्टारचा उजवा हात बांधलेला, तो डाव्याने सोंगटी हलवी. राजाही डाव्यानेच. राजा डावखुरा आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. लोखंड तर त्याने उजव्या हातात धरलं होतं. माणसं बदलतात.

ओट्टारने दोनदा हरवलं त्याला. तिसऱ्या डावाला म्हणाला, "महाराज, तुम्ही मुद्दाम हरताय. उद्या टांगायचाय म्हणून आज लाड?"

पण राजा हसला. नुसता ओठांनी नाही, पोट धरून. दाराशी उभा असलेला केतिल मला नंतर म्हणाला, अकरा वर्षं झाली हा आवाज ऐकून. कुत्राही उठून बघायला गेला.

जाताना राजाने विचारलं, "दुखतंय?"

ओट्टार म्हणाला, "सहन होतं. पण एक सांगा, सोडताना दुखतं का?"

राजाने माझ्याकडे पाहिलं. "मावशीचा हात हलका आहे," म्हणाला.

आता काय समजायचं मी? ज्याला टांगायचंय त्याच्याशी कुणी असं खेळतं? की मांजर उंदराशी खेळतं तसं? मी मनातल्या मनात शब्द घोकते आहे. दिसेल ते. दिसेल तेच.

पट्टी सोडली तो दिवस

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

चर्च खचाखच भरलेलं. बारा साक्षीदार कठड्यामागे, बिशप वेदीपाशी, राजा माझ्या उजवीकडे. मोहोर अखंड असल्याचं सगळ्यांना दाखवलं. लोकरीची पट्टी काढली. सुतीचे तीन वेढे काढले आणि वास आला. गोडसर. एकदा नाकात गेला की मरेपर्यंत ओळखू येतो.

तळव्याच्या मधोमध अक्रोडाएवढी जागा ओली, पिवळी. माझ्या अंगठ्याखाली मावणारी नव्हती. ओट्टार माझ्या तोंडाकडे बघत होता, डोळे उघडे ठेवून. त्याने विचारलं नाही, पण त्याला कळलं. मान किंचित हलवली, असू दे म्हणाल्यासारखी.

मी दिसेल ते सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. इकडे सत्य, तिकडे हा लाल डोक्याचा मुलगा, उशी नीट केली तर देव तुझं भलं करो म्हणणारा.

तेवढ्यात राजा पुढे झाला. दातांनी ओढून मोजा काढला. तो हात सव्वीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता. पांढराफटक, तळघरातल्या कोंबासारखा. त्याने त्या उघड्या हाताने ओट्टारचा जळका हात धरला, सौदा पक्का करताना धरतात तसा, तळव्याला तळवा. आणि आवळला. ओट्टारचे ओठ निळे पडले, पण आवाज नाही. राजाच्या बोटांमधून एक ओघळ मनगटाकडे आला. मलाच दिसला. मी पट्टीने टिपला.

"मी पाहिलंय," राजा म्हणाला. "स्वच्छ आहे. माझा होता तसाच."

बिशप मला म्हणाला, "बांधणारी काय म्हणते?"

मी राजाकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. अठरा वर्षांचा असताना बघायचा तसा.

"महाराजांचा होता तसाच," मी म्हटलं.

घंटा वाजायला लागल्या. राजाने ओट्टारचा हात सोडला नाही. वेदीपासून दारापर्यंत तसाच धरून नेला. खांबाखांबापाशी उभे असलेले सरदार तोंडं वाकडी करून बघत होते. अर्ध्या राज्याचा हिशोब त्यांच्या कपाळावर दिसत होता.

मी रिकाम्या चर्चमध्ये पट्ट्या गोळा केल्या आणि खोलीवर जाऊन चुलीत जाळल्या.

संत कॅथरीनचा दिवस, घरी

आस्ताने भंडावून सोडलं. दोन राजे म्हणजे दोन कर का, नवा देखणा आहे का, त्याला तरी बायको आहे का. मी म्हटलं, बाई, मी हात पाहिला, बाकी काही पाहिलं नाही.

माझं मन त्या काळ्या बुटक्या माणसापाशीच आहे. तो स्वतःचा हात स्वच्छ होता असं समजून चालतो, बिचारा. "माझा होता तसाच," किती विश्वासाने म्हणाला! आणि आता एका परक्या मुलासाठी देवाच्या घरात खोटं बोलून बसला. सव्वीस वर्षं मी जे पोटात घेऊन हिंडते, ते आता त्याच्याही पोटात. रात्री दचकून उठेल. हेरिंग आला नाही की स्वतःला खाईल.

वाटतं, उठावं, परत पाच दिवस होडीत बसावं आणि त्याला सांगावं, महाराज, घाबरू नका, हे माझ्याकडूनही झालंय, आणि माणूस यातूनही जगतं. पण कुणासाठी झालं हे सांगितलं तर त्याच्या पायाखालची जमीनच जाईल. म्हणून तो तिकडे गप्प, मी इकडे गप्प. मधे पाच दिवसांचं पाणी आणि बर्फ.

आज पेज दोन वाडग्यांत वाढली गेली. एक परत ओतली.

संत लूसीचा दिवस

केतिल आला, लोणी घेऊन. खाडी गोठलेली, घसरगाडीवरून आला, मिशीला बर्फ. या खेपेला पिंपं दोन. एक एर्लेंडचं, एक ओट्टारचं. दोघे एकाच टेबलाशी जेवतात म्हणे, आणि भांडतातही, पटावरून. सरदार अजून कुरकुरतात; कुरकुरू देत. ओट्टारचा हात सडूनच गेला असता, पण राजा रोज स्वतः धुतो, कुणाला हात लावू देत नाही. आता भरत आलाय.

मग केतिलने कोटाच्या आतून एक पुडकं काढलं. सोडलं तर तो मोजा. सीलच्या कातड्याचा, उजव्या हाताचा, एकटाच.

मी म्हटलं, "आणि त्याचा हात?"

"उघडाच असतो आता. जेवतोही उजव्यानेच."

"आणि तू बघत बसलास? या थंडीत? जुन्या भाजलेल्या कातड्याला चिरा पडतात, एवढंही कुणाला कळत नाही तुमच्या वाड्यावर?"

केतिलने मिशीतला बर्फ झटकला. मग म्हणाला, "मी विचारलं, मावशीला काय सांगू. तर म्हणाले, काही सांगू नकोस, तिला कळेल."

मला काही कळलं नाही. केतिल झोपल्यावर मोजा उलटसुलट करून पाहिला. शिवण कुठे उसवलेली नाही. बोटं धड आहेत. फक्त बाहेरून, तळव्याच्या बाजूला, करंगळीच्या मुळाशी एक जागा झिजून पार पातळ झालीय, काचेसारखी गुळगुळीत. तिथून वारा लागत असणार. हेच दुरुस्त करायला पाठवलं असेल. राजा असला तरी स्वतःच्या तोंडाने ठिगळ कोण मागेल.

सीलचं कातडं माझ्याकडे नाही. वासराचं आहे, मऊ आहे. तेच लावते, म्हणजे केतिल परत जाताना घेऊन जाईल. दोरा मेणातून काढला. सुई जाईना, म्हणून धरायला त्या झिजलेल्या जागेवर अंगठा ठेवला. बरोब्बर बसला.

जरा वेळ तसाच राहू दिला.